युफोर्बिया ओबेसा : ओळख, वर्गीकरण आणि बियांपासून लागवड

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात ग्राफ-रेनेट नावाचे जुने गाव आहे. त्याच्या दक्षिणेला केंड्र्यूच्या आसपास जो खडकाळ माळ पसरलेला आहे, तो युफोर्बिया ओबेसा या वनस्पतीचा मूळ प्रदेश. हा प्रदेश इतका लहान आहे, की जगाच्या नकाशावर तो एका ठिपक्याएवढाही भरणार नाही. याउलट कालिम्पाँगच्या निवडुंग-नर्सरीत, हरियाणातील पंचकुल्याच्या निवडुंग उद्यानासारख्या संग्रहांत, किंवा एखाद्या हौशी माणसाच्या गच्चीवर ही वनस्पती सहज भेटते. निसर्गात दुर्मीळ आणि कुंड्यांत मुबलक, अशी ही विचित्र स्थिती आहे. ती कशी आली आणि तिचा वर्गीकरणाशी काय संबंध आहे, हे या टिपणात पाहायचे आहे. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यातील काही भाग परिचित वाटेल. प्रस्तुत लेखक अभियांत्रिकी महाविद्यालयात द्रवयामिकी शिकवतो, त्यामुळे आकार आणि पाणी या दोन बाबींवर तो थोडा अधिक रेंगाळणार आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

वनस्पतीचे स्वरूप

ओबेसा म्हणजे एक हिरवट-करडा चेंडू. त्याला फांद्या नाहीत आणि काटेही नाहीत. पाने असतात, पण ती इतकी बारीक आणि अल्पायुषी असतात, की बहुतेकांच्या नजरेस पडत नाहीत. वरून पाहिल्यास चेंडूचे आठ रुंद, बोथट कंगोरे मोजता येतात. प्रत्येक कंगोऱ्याच्या माथ्यावरून बारीक उंचवट्यांची एक ओळ खाली उतरते, ती थेट क्रिकेटच्या चेंडूवरील शिवणीसारखी दिसते. अंगावर जांभळट-तपकिरी आडवे पट्टे असतात. कारूच्या माळावरील गोट्यांमध्ये ही वनस्पती पायाशी असली तरी ओळखू येत नाही, ती या पट्ट्यांमुळेच. तरुण वनस्पती गोल असते. वय वाढते तशी ती उंचीला लागते आणि आखूड खांबासारखी होते. व्यास साधारण ९ सेंटिमीटर आणि उंची २० सेंटिमीटरपर्यंत, एवढीच तिची मजल. जमिनीखाली मात्र चांगले सोटमूळ असते. कुंडी निवडताना त्याचा विचार करावा लागतो.

हा निवडुंग आहे का?

मराठीत या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड आहे, कारण आपला ‘निवडुंग’ हा शब्द दोन पूर्णपणे वेगळ्या कुलांना लागू होतो. कुंपणाला लावलेला, तोडल्यावर दुधासारखा चीक गाळणारा काटेरी निवडुंग युफोर्बिया वंशातला आहे. चपट्या थाळ्यांचा फड्या निवडुंग मात्र अमेरिकेतून आलेला आणि कॅक्टेसी कुलातला. आपल्या पूर्वजांनी काटे आणि मांसल खोड पाहून दोघांना एका नावाखाली आणले. त्यात त्यांची काही चूक नाही, रोजच्या व्यवहाराला ते पुरेसे होते. वर्गीकरणाला पुरेसे नाही, एवढेच.

टेक्सास आणि ईशान्य मेक्सिकोत ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास नावाचा एक खरा निवडुंग वाढतो. तोही गोल, बिनकाट्याचा आणि बहुधा आठ कंगोऱ्यांचा असतो. ओबेसा आणि तो शेजारी ठेवले तर वनस्पतिशास्त्राचा पदवीधरही क्षणभर थबकतो. पण वंशवृक्षावर या दोघांमधील अंतर फार मोठे आहे. निवडुंगाचे कुल कॅरिओफायलेलीझ गणात येते. आपली घोळाची भाजी आणि बागेतला चिनी गुलाब त्याच गणातले. युफोर्बियाचे कुल मालपिघियालीझ गणात येते, आणि एरंड, रबराचे झाड व ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो टॅपिओका हे त्याच कुलातले आहेत. म्हणजे ओबेसा नात्याने एरंडाच्या जवळची आहे, निवडुंगाच्या नव्हे. पाणी कमी आणि ऊन जास्त अशा दोन खंडांतील सारख्या परिस्थितीत, दोन निरनिराळ्या घराण्यांनी एकच रूप धारण केले. याला अभिसारी क्रमविकास म्हणतात, आणि त्याची याहून ठळक जोडी पाठ्यपुस्तकासाठी शोधून सापडणार नाही.

मग फरक ओळखायचा कसा? पहिली खूण चिकाची. युफोर्बियाला टाचणी टोचली तर पांढरा चीक लगेच येतो. पण या एकाच खुणेवर विसंबू नये, कारण मॅमिलॅरिया वंशातल्या काही निवडुंगांनाही दुधी चीक असतो. दुसरी खूण अधिक खात्रीची आहे. निवडुंगाच्या अंगावर लव असलेले लहान उशीसारखे ठिपके असतात, त्यांना एरिओल म्हणतात. काटे, फुले, फांद्या सगळे त्यातूनच निघते. ॲस्टेरियासचे काटे गेले असले तरी ते लवदार ठिपके राहिलेले आहेत. ओबेसाला ते मुळीच नाहीत. तिसरी खूण भूगोलाची : एका अपवादाखेरीज सर्व निवडुंग मूळचे अमेरिका खंडातले आहेत. त्यामुळे आफ्रिकेत मूळ असलेली गोल मांसल वनस्पती निवडुंग असणे जवळपास अशक्यच. (माणसाने नेलेले निवडुंग वेगळे. अमेरिकेतल्या फड्या निवडुंगाने याच कारू भागात एके काळी कुरणेच्या कुरणे व्यापली होती.) चौथी आणि निर्णायक खूण फुलाची. ती समजून घ्यायला थोडा वेळ द्यावा लागेल.

एक फूल की अनेक?

युफोर्बियाचे ‘फूल’ जवळून पाहा. ओबेसा हाताशी नसेल तर पॉइन्सेटिया, काट्यांच्या मुकुटाचे झाड, किंवा पावसाळ्यात फरशीच्या फटीत उगवणारी दुधी घ्या (दुधी भोपळा नव्हे, चीक गाळणारे ते बारीक तण). हे सारे याच वंशातले आहेत. एक लहानसा पेला दिसतो, त्याच्या काठावर मधाच्या ग्रंथी, आत पुष्कळ पुंकेसर आणि मध्यभागी देठावर उभे असलेले तीन कप्प्यांचे अंडाशय. लिनियसनेही असेच पाहिले. १७५३ साली त्याने हे सगळे मिळून एकच फूल मानले आणि पुंकेसरांच्या व किंजलांच्या संख्येवरून युफोर्बियाला आपल्या पद्धतीतील बारा पुंकेसर आणि तीन किंजलांच्या गटात बसवले.

नंतरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की प्रत्येक पुंकेसराच्या देठावर एक सांधा आहे. पुंकेसराच्या तंतूला मध्येच सांधा असण्याचे कारण नाही. सांधा असतो तो फुलाच्या देठाच्या टोकाशी. म्हणजे सांध्याखालचा भाग देठ आणि वरचा भाग एक संपूर्ण नरफूल, ज्यात एका पुंकेसराखेरीज काहीच उरलेले नाही. मधले अंडाशय हे तसेच झिजून लहान झालेले मादीफूल. आपण ज्याला फूल म्हणतो तो प्रत्यक्षात अनेक फुलांचा पुष्पबंध आहे, आणि पेला म्हणजे एकत्र जुळलेली सहपत्रे. या रचनेला सायाथियम म्हणतात. युफोर्बिया वंशात सुमारे २००० जाती आहेत. त्यांत बोटभर तणापासून मोठ्या वृक्षांपर्यंत सर्व प्रकार येतात. रूपाने एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या या जातींना एका वंशात बांधणारी गोष्ट म्हणजे हा पेला. खोडाचा आकार फसवतो. सायाथियम मात्र सहसा फसवत नाही.

ओबेसामध्ये याच्याही पुढचा एक टप्पा आहे. बहुतेक युफोर्बियांत एकाच पेल्यात नर व मादी दोन्ही फुले असतात. ओबेसा विभक्तलिंगी आहे. एका झाडाच्या पेल्यांतून फक्त पिवळे परागकोश बाहेर येतात, तर दुसऱ्या झाडाच्या पेल्यांतून फक्त तीन भागांचे किंजल. म्हणजे नराचे झाड वेगळे, मादीचे वेगळे. फुले येईपर्यंत दोघांत कोणताही फरक दिसत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गुंतागुंत येथून सुरू होते.

नाव आणि जवळचे नातलग

पीटर मॅकओवन यांनी १८९७ मध्ये ही वनस्पती लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पती उद्यानाकडे पाठवली. १९०३ मध्ये ‘कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन’मध्ये जोसेफ डाल्टन हूकर यांनी तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हे तेच हूकर, ज्यांनी सिक्कीमच्या डोंगरांत वनस्पती गोळा केल्या आणि ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’चे सात खंड सिद्धीस नेले. ओबेसाचे वर्णन लिहिताना त्यांचे वय पंच्याऐंशीच्या घरात होते. लॅटिनमध्ये ‘ओबेसा’ म्हणजे लठ्ठ. वंशाचे नाव मॉरेटानियाचा राजा जुबा दुसरा याच्या युफोर्बस नावाच्या वैद्यावरून आले, आणि ग्रीकमध्ये त्या नावाचा अर्थ ‘चांगले पोसलेला’. म्हणजे नाव आणि आडनाव दोन्हींत वनस्पतीच्या अंगकाठीचाच उल्लेख आहे.

आधुनिक वर्गीकरणात युफोर्बिया वंशाचे चार उपवंश मानतात. ओबेसा ॲथिमॅलस या उपवंशात येते. आपल्याकडचे कुंपणाचे निवडुंग आणि शेर हे युफोर्बिया याच नावाच्या उपवंशात, तर दुधी आणि पॉइन्सेटिया आणखी वेगळ्या, चामेसिसी उपवंशात येतात. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मांसल खोड हे या वंशातसुद्धा एकदाच निर्माण झालेले नाही. ओबेसा आणि आपला कुंपणाचा निवडुंग हे एकाच घराण्यातले असले, तरी लठ्ठपणा दोघांनी स्वतंत्रपणे मिळवलेला आहे.

खरी अडचण जवळच्या नातलगांत आहे. युफोर्बिया मेलोफॉर्मिस ही खरबुजासारख्या आकाराची जाती १७८९ मध्येच वर्णिली गेली होती. तिच्यावर वाळलेल्या पुष्पदेठांचे अवशेष काटक्यांसारखे राहतात, ओबेसाच्या अंगावर ते राहत नाहीत. हा फरक सोपा आहे. १९४१ मध्ये व्हाइट, डायर आणि स्लोन या तिघांनी दक्षिण आफ्रिकेतील मांसल युफोर्बियांवरच्या आपल्या ग्रंथात युफोर्बिया सिमेट्रिका ही आणखी एक जाती वेगळी काढली. ओबेसा वयाबरोबर खांबासारखी होते, सिमेट्रिका मात्र चपटी-गोलच राहते, आणि तिच्या एकेका डोळ्यातून अधिक पुष्पबंध निघतात, असे भेद सांगितले गेले. पुढे काही अभ्यासकांनी तिला ओबेसाचीच उपजाती मानले. आज दोन्ही मते छापील स्वरूपात सापडतात.

माझ्या मते कुंडीतल्या झाडांवरून हा वाद सोडवू पाहणे व्यर्थ आहे. ओबेसाला कमी उजेडात ठेवले आणि भरपूर पाणी दिले, तर ती चार वर्षांतच लांबुडकी होते. कडक उजेडात आणि अपुऱ्या पाण्यावर वाढवली, तर बराच काळ चपटी राहते. ज्या लक्षणावर दोन जाती वेगळ्या करायच्या, तेच लक्षण माळ्याच्या हातात असेल, तर ते लक्षण कुंडीत निरुपयोगी ठरते. झाड कोठून आले याची नोंद असेल तरच त्याच्या नावाला अर्थ आहे.

गोल का? एक लहानसा हिशेब

९ सेंटिमीटर व्यासाचा एक गोल घ्या. त्रिज्या ४.५ सेंटिमीटर. पृष्ठफळ साधारण २५४ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ ३८२ घन सेंटिमीटर भरते. आता तेवढेच घनफळ अर्धा मिलिमीटर जाडीच्या पानांत पसरवले, तर दोन्ही बाजू धरून पृष्ठफळ १५,००० चौरस सेंटिमीटरच्या वर जाते. म्हणजे साठ पट. पाण्याची वाफ होते ती पृष्ठभागावरून आणि साठते ते घनफळात. ठरावीक घनफळाला कमीत कमी पृष्ठफळ देणारा आकार गोलच असतो. जलटाक्या आणि वायूच्या टाक्या रचताना आपण हाच विचार करतो.

याची किंमतही आहे. पृष्ठभाग साठ पट कमी म्हणजे सूर्यप्रकाश पकडणारी जागाही तितकीच कमी. त्यातच अशा मांसल वनस्पती त्वग्‌रंध्रे दिवसा मिटून रात्री उघडतात. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा बंद दाराआड प्रकाशसंश्लेषण करतात. पाणी वाचते, पण वाढ अतिशय संथ होते. एक सेंटिमीटर व्यास वाढायला एखादे वर्ष सहज लागते, असे धरून चालावे.

कंगोऱ्यांचे काम वेगळे आहे. पूर्ण गोल भांडे रिकामे होऊ लागले, तर त्याची त्वचा सुरकुतते. कंगोरे असले म्हणजे त्वचा पेटीच्या भात्यासारखी घडी घालते आणि उलगडते. पाणी मिळाले की कंगोऱ्यांमधील खाचा उथळ होतात, ताण पडला की खोल होतात, आणि त्वचेला तडा जात नाही. नियमित पाहणाऱ्याला या खाचांवरून झाडाची तहान कळते.

कारूतील परिस्थिती

ग्रेट कारूच्या या भागात वर्षाला साधारण २०० ते ३०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः उन्हाळ्यातल्या वादळी सरींतून. उन्हाळा कडक, हिवाळ्यात हलके दहिवर गोठते. जमीन शेलच्या तुकड्यांची. ओबेसा उघड्यावर क्वचित असते. बहुधा खुरट्या झुडपांच्या बुडाशी, अर्धवट सावलीत आणि दगडांच्या आधाराने ती वाढते. ‘वाळवंटी झाड म्हणजे दिवसभर ऊन’ ही समजूत येथेच चुकीची ठरते.

वर्णन प्रसिद्ध झाल्यावर युरोपातील संग्राहकांची मागणी वाढली आणि माळावरून झाडे पोत्यांनी उपटली गेली. १९१५ च्या सुमारास ती मूळ जागी दिसेनाशी होऊ लागली होती, आणि पुढे तिच्या संरक्षणासाठी कायदे करावे लागले. अशा वनस्पतीवर उपटण्याचा परिणाम केवळ संख्या कमी होण्याचा नसतो. ओबेसाला पिल्ले फुटत नाहीत, त्यामुळे उरलेले झाड स्वतःहून दोनाचे चार होत नाही. बी हाच एक मार्ग, आणि त्यासाठी कीटकाच्या टप्प्यात नर आणि मादी दोन्ही हवेत. माळावर दूरदूर एकटी उरलेली दहा झाडे जिवंत असतील, हिरवीही असतील, पण पुनरुत्पादनाच्या दृष्टीने ती संपलेली असू शकतात.

बहुतेक मांसल युफोर्बियांप्रमाणे ही जातीही साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे तिच्या झाडांच्या सीमापार व्यापाराला परवाना लागतो. भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य आहे. शिवाय परदेशातून बी किंवा रोप आणायचे, तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाचे नियम वेगळे लागू होतात. पाकिटातून गुपचूप मागवण्याच्या फंदात विद्यार्थ्यांनी पडू नये. त्याची गरजही नाही. देशातील नर्सरीत बियांपासून वाढवलेली रोपे मिळतात, आणि या वनस्पतीला वाचवले ते मुख्यतः अशाच रोपांनी. ज्याला सुपारीएवढे रोप स्वस्तात मिळते, तो माळावरून उपटलेल्या झाडासाठी पैसे मोजत नाही. विकत घेताना मात्र पाहावे. नर्सरीतले तरुण झाड गुळगुळीत आणि सारख्या अंगाचे असते. तळाशी जाड खरबरीत साल, अंगावर जुने व्रण आणि छाटलेली मुळे असलेले मोठे झाड कोणी ‘खास’ म्हणून दाखवले, तर दूर राहावे.

कुंडी, माती आणि पाणी

भारतात ओबेसा मरते ती बहुधा पाण्याने. उन्हाने किंवा थंडीने त्या मानाने कमी. आणि पाण्याने मरते ती पाणी जास्त ओतल्यामुळे कमी, ते मातीत थांबून राहिल्यामुळे जास्त. हा केशाकर्षणाचा प्रश्न आहे.

बारीक नळीत पाणी किती उंच चढते, हे नळीच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. त्रिज्या १ मिलिमीटर असेल तर उंची सुमारे दीड सेंटिमीटर, आणि ०.१ मिलिमीटर असेल तर सुमारे पंधरा सेंटिमीटर. मातीतील पोकळ्या म्हणजे सरळ नळ्या नव्हेत, पण अंदाजासाठी हे चालते. आता दहा सेंटिमीटर खोलीची कुंडी बारीक मातीने भरली, तर तळाच्या भोकातून थेंब गळणे थांबल्यावरही जवळपास सगळी माती पाण्याने गच्च राहते, कारण केशाकर्षण पंधरा सेंटिमीटर पाणी धरून ठेवू शकते आणि कुंडी आहे दहाची. जाड कणांच्या मिश्रणात तळाचे एक-दोन सेंटिमीटर तेवढे ओले राहतात, वरच्या पोकळ्यांत हवा शिरते.

यातूनच कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याच्या प्रथेचे मूल्यमापन करता येते. तो थर निचरा वाढवत नाही. बारीक पोकळीतले पाणी जाड पोकळीत आपणहून उतरत नाही, थराच्या सीमेवरच अडून बसते. ओला पट्टा तळाशी असायचा तो उलट मुळांच्या जवळ वर सरकतो. खडी द्यायची तर संपूर्ण कुंडीभर मिसळून द्यावी.

मिश्रणासाठी दोन ते चार मिलिमीटरचा भाजक्या विटांचा चुरा, तेवढ्याच आकाराची जाड वाळू किंवा बारीक खडी, आणि एकूण मापाच्या पाव हिश्श्याहून कमी चांगले कुजलेले पानखत एवढे पुरते. विटांचा चुरा चाळून त्यातली पूड टाकून द्यावी, हे काम कंटाळवाणे असले तरी चुकवू नये. पूड राहिली तर वरचा सगळा हिशेब वाया जातो. विटेच्या कणांच्या आत सूक्ष्म छिद्रे असतात, ती थोडे पाणी धरतात, आणि कणांमधल्या मोठ्या जागांतून हवा खेळते. सोटमुळासाठी कुंडी रुंदीपेक्षा खोल घ्यावी.

पाणी कधी द्यायचे यासाठी ‘आठवड्यातून एकदा’ असला नियम देशभर चालणार नाही. जोधपूरचा मे आणि कोलकात्याचा ऑगस्ट यांना एक नियम कसा लागेल? त्यापेक्षा स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरावा. कोरड्या मातीची कुंडी झाडासह तोलून वजन कुंडीवर लिहून ठेवावे. पाणी दिल्यावर दर दोन दिवसांनी तोलावे. वजन परत त्या आकड्यावर आले, की आणखी चार-पाच दिवस थांबून पाणी द्यावे. पावसाळ्यात कुंडी छपराखाली हवीच, विशेषतः कोकण, केरळ आणि ईशान्येत. उत्तरेकडे डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात पाणी पूर्ण बंद ठेवावे. कोरडी असेल तर ही वनस्पती बरीच थंडी सोसते, ओली असताना सोसत नाही. विदर्भ, तेलंगण, राजस्थान येथील एप्रिल-मेमध्ये निम्मी सावली देणारी जाळी बांधावी, नाहीतर पश्चिमेकडच्या बाजूला कायमचा तपकिरी डाग पडतो.

बी पेरताना

बी गोल, करडे आणि सुमारे २ मिलिमीटर व्यासाचे असते. ताजे बी उत्तम रुजते, जुने झाले की रुजण्याचे प्रमाण घसरते. वरचेच मिश्रण थोडे बारीक चाळून घ्यावे, गरम पाण्याने निर्जंतुक करून गार होऊ द्यावे, बी पृष्ठभागावर ठेवून त्याच्या जाडीइतकी बारीक खडी वर टाकावी. कुंडी खालून भिजवून पारदर्शक पिशवीत ठेवावी. तापमान २० ते २८ अंश सेल्सिअस असेल तर आठ-पंधरा दिवसांत हिरवे मणी दिसू लागतात. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्च हा काळ बहुतेक ठिकाणी सोयीचा. दक्षिण गोलार्धातील ऋतू उलटे असतात, त्याची चिंता करू नये. येथे रुजलेले रोप येथलेच हवामान पाळते. दोन-तीन आठवड्यांनी पिशवी हळूहळू उघडावी, आणि पहिले वर्षभर रोपांना मोठ्या झाडांइतके कोरडे पडू देऊ नये.

हाताळताना चिकाची काळजी घ्यावी. शेराचा चीक डोळ्यात गेल्यास काय होते हे खेड्यातल्या मुलांना ठाऊक असते. ओबेसाचा चीकही त्याच जातकुळीचा. कुंडी बदलताना हातमोजे घालावेत, डोळ्याला हात लावू नये, आणि लागलाच तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे.

किती रोपे, कोणती नोंद

फुले यायला चार-पाच वर्षे तरी लागतात आणि तोवर लिंग कळत नाही. म्हणून स्वतः बी तयार करण्याचा विचार असेल, तर किती रोपे ठेवावीत? नर आणि मादी होण्याची शक्यता सारखी धरली, तर सगळी रोपे एकाच लिंगाची निघण्याची संभाव्यता म्हणजे एक द्वितीयांशचा रोपांच्या संख्येइतका घात, त्याची दुप्पट. दोन रोपे ठेवली तर जोडी जमण्याची शक्यता ५० टक्के. चार ठेवली तर ८७.५, सहा ठेवली तर जवळपास ९७ आणि आठ ठेवली तर ९९ टक्के. सर्व एकाच वेळी फुलतील असे नाही, हे धरून सहा ते आठ रोपे ठेवावीत. दोन रोपे घेऊन पाच वर्षे वाट पाहणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या वाट्याला दोन नर किंवा दोन मादीच येतात.

फुलले की नराच्या पेल्यावरून मऊ कुंचला फिरवून पराग मादीच्या किंजलांवर लावावा. एरंडाचे बोंड पाहिले असेल तर येणारे फळ लगेच ओळखू येईल : तीन कप्पे, प्रत्येकात एक बी. आकार मात्र वाटाण्याएवढा. पिकल्यावर ते फट्‌कन फुटते आणि बी दूर उडते. माळावर ते सोयीचे, गच्चीवर नाही. म्हणून फळ धरताच मादीच्या डोक्यावर मलमलीची टोपी दोऱ्याने सैल बांधावी.

जवळच मेलोफॉर्मिस किंवा सिमेट्रिका फुललेली असेल, तर मादी आधीपासूनच झाकून ठेवावी. या जाती एकमेकींशी सहज संकर करतात आणि संकराची रोपे दिसायला देखणी, जोमदार असतात. बाजारात ‘ओबेसा’ म्हणून विकली जाणारी कित्येक झाडे अशीच मिश्र आहेत. शोभेसाठी त्यांत वाईट काही नाही. पण कारूतील संख्या पुन्हा उभी करण्यासाठी संग्रहातल्या बियांची गरज पडली, तर असे बी उपयोगाचे नाही, आणि ते मिश्र आहे हे बियांकडे पाहून कोणालाही सांगता येणार नाही. त्या वेळी उपयोगी पडेल ती फक्त नोंद. म्हणून प्रत्येक कुंडीत पेन्सिलने लिहिलेली पट्टी रोवावी, कारण शाई उन्हात उडते. तिच्यावर जातीचे नाव, बी किंवा रोप कोणाकडून आले, मूळ ठिकाण ठाऊक असल्यास ते, पेरणीची तारीख, आणि फुलल्यानंतर नर की मादी एवढे असावे. बी दुसऱ्याला देताना मादीच्या पट्टीवरील मजकूर आणि नर कोणता होता तेही पाकिटावर उतरवावे. पराग कोठून आला हे ठाऊक नसेल, तर ‘खुले परागण’ असे स्पष्ट लिहावे.